रेषेच्या आत तू

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाची आघाडीची फळी गोल का करत नाही, या एका प्रश्नावर त्या वर्षी स्टाफरूममध्ये जेवढी विद्वत्ता सांडली, तेवढी मी कुठल्या चर्चासत्रातही पाहिलेली नाही. सहा सामने झाले होते. गोल शून्य. बरं, बचाव भक्कम होता. गोलकीपर मांजरासारखा झेपावायचा. मधली फळी बॉल इमानेइतबारे पुढे आणून द्यायची. आणि पुढे आल्यावर त्या बॉलचं काहीतरी व्हायचं. पंगतीत ताटातल्या शेवटच्या लाडवाचं होतं ना, तसं. सगळ्यांना दिसतोय, सगळ्यांना हवाय, पण हात कोणी लावत नाही.

निदान प्रत्येकाकडे तयार होतं. जिमखान्याचे सर म्हणाले, बूट. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, पोरं सकाळी उपाशी येतात. प्राचार्यांनी ओळखीचा एक वास्तुतज्ज्ञ आणला. त्यानं मैदानावर होकायंत्र फिरवून गोलपोस्ट दक्षिणेला असल्याचं जाहीर केलं. ‘अहो, पण दुसरा उत्तरेला आहे,’ मी म्हटलं. तो जराही न डगमगता म्हणाला, ‘तोच तर प्रॉब्लेम आहे.’

मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला फुटबॉलमधलं सगळं कळतं. मोबाइलवर रात्रंदिवस सामने पाहून मी प्रयोगशाळेतल्या फळ्यावर रंगीत खडूंनी एक आराखडा काढला. तीन आघाडीवीर, अकरा बाण, वर मथळा. मराठीच्या खैरनार बाई काही कामानं आल्या होत्या. त्या फळ्यासमोर बराच वेळ थांबल्या. मला वाटलं, भारावल्या.

‘पाटोळे,’ त्या म्हणाल्या, ‘बाण छान आहेत. ‘त्रिकोण’मधला ‘त्रि’ ऱ्हस्व करा.’

आणि स्वतःच बोटानं वेलांटी पुसून गेल्या.

खैरनार बाई म्हणजे आमच्या कॉलेजचं चालतंबोलतं शुद्धिपत्रक. मूळच्या देवळ्याच्या. बुटक्या, गोल चष्म्याच्या, आणि अंबाड्यात कायम एक लाल पेन खोचलेलं. गजरा माळावा तसं. लग्नपत्रिका हातात पडली की आधी पेन निघायचं, मग मुहूर्त वाचला जायचा. कॉलेजरोडवरच्या एका मिसळीच्या दुकानात ‘येथे झनझनीत मिसळ मिळेल’ अशी पाटी होती. बाईंनी मालकाला गल्ल्यावरून उठवून बाहेर आणलं आणि दोन्ही न मोठ्या अक्षरांत ण करून घेतले. तो वैतागून म्हणाला, ‘मावशी, चव तीच राहणार ना?’ बाई म्हणाल्या, ‘तिखट वाढेल.’ आजही तो शपथेवर सांगतो, गिऱ्हाईक वाढलं.

मार्कांच्या बाबतीत त्या पाषाण. दहापैकी सात म्हणजे त्यांच्याकडे गगनभेदी यश.

तर सहाव्या सामन्यानंतर प्राचार्यांनी नोटीस लावली. ‘फूटबॉल संघाने मनमाड येथील शेवटच्या सामन्यात एकही गोल न केल्यास संघ बंद करुन मैदानावर पार्कींग करण्यात येइल.’ मधल्या सुट्टीत बाई तिथून चालल्या होत्या. बोर्डापुढे एक काटकुळा मुलगा पुतळ्यासारखा उभा. नोटिशीवरून त्याची नजर हलेना. बाईंना भरून आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी स्वतःहून नोटीस इतकी बारकाईनं वाचत होतं.

‘सापडल्या का चुका?’ त्यांनी विचारलं.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘संघ गेला तं माझी होस्टेलची जागा जाईल.’

तो देवराम भोये. पेठच्याही आतल्या एका पाड्यावरून आलेला, पहिल्या वर्षाला. त्याला होस्टेलची जागा खेळाडू म्हणून मिळाली होती. संघ नाही म्हणजे जागा नाही, आणि जागा नाही म्हणजे नाशकात राहायचं कुठे? बी.ए. तिथंच संपलं असतं. असा पळायचा म्हणता! टाचा जमिनीला लागतात की नाही याची पैज लावावी. आघाडीच्या फळीतला सगळ्यांत वेगवान गडी आणि सगळ्यांत गप्प.

बाईंनी अंबाड्यातून पेन काढलं. फुटबॉल, करून, पार्किंग, येईल असं सगळं दुरुस्त केलं. खाली लिहिलं: ‘४/१०. मजकूरही पुन्हा तपासावा.’ आणि सही ठोकली.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. मी शेजारच्या खोलीत होतो, त्यामुळे भिंतीच्या परवानगीनं सगळं ऐकलं.

‘बाई, तुम्हाला फुटबॉलमधलं काय कळतं?’

‘स्पेलिंग,’ बाई म्हणाल्या.

‘मग घ्या संघ तुमच्याकडे! जिमखान्याचे सर तसेही ऑपरेशनसाठी रजेवर चाललेत. तीन आठवडे आहेत. करा गोल!’

‘लेखी द्या,’ बाई म्हणाल्या. ‘आणि मला दाखवून टाइप करा.’

अशा रीतीनं निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या, आयुष्यात बॉलला पाय न लावलेल्या खैरनार बाई फुटबॉल संघाच्या व्यवस्थापक झाल्या. त्यांचा सहायक म्हणून, पाण्याच्या बाटल्या आणि मलमपट्टीची पेटी वाहायला, माझी नेमणूक झाली. मी माझा त्रिकोण बरोबर घेतला.

पहिल्या दिवशी बाईंनी मैदानाच्या कडेला, चुन्याच्या रेषेबाहेर, प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि मैदानाकडे पाठ करून बसल्या.

‘बाई, खेळ मागे चाललाय,’ मी म्हटलं.

‘माहिताय. मला डोळ्यांनी खेळ कळत नाही. बघू कानांनी कळतो का.’

तासभर त्या भाजलेले शेंगदाणे खात, डोळे मिटून, मध्येच वहीत काहीतरी लिहीत बसल्या. तिकडे तेच चाललं होतं. कर्णधार ऋषिकेश नामपूरचा, शेवटच्या वर्षाचा, भरदार छातीचा देखणा गडी. डावीकडे सम्राट, दुसऱ्या वर्षाचा, नाशिकरोडचा, तोंडाळ. उजवीकडे देवराम. बॉल यायचा, तिघांत घुटमळायचा आणि समोरच्याच्या पायात जायचा.

सराव संपल्यावर बाईंनी तिघांना समोर उभं केलं आणि वही उघडली.

‘आज मी ऐकलेली वाक्यं. वाक्य पहिलं, देवराम: ‘ऋषिकेशदादा, तुम्ही जरा पुढे या ना.’ अक्षरं किती?’

देवराम बोटांवर मोजायला लागला.

‘चौदा,’ बाई म्हणाल्या. ‘चौदा अक्षरांत गोलकीपर घरी जाऊन जेवून येईल. वाक्य दुसरं, ऋषिकेश: ‘अरे, तू लहान आहेस, तूच मार.’ वाक्य तिसरं, देवराम: ‘नाही दादा, तुमच्यापुढं मी कसा?’ वाक्य चौथं, सम्राट: ‘दादा, तो नाही म्हणतोय तर तुम्हीच घ्या.’ आणि पाचवं वाक्य गोलकीपरचं. ते वहीत लिहिण्यासारखं नाही.’

वही मिटून त्या माझ्याकडे वळल्या. तो क्षण मी विसरणार नाही. बूट, उपास, वास्तू आणि माझे अकरा बाण, सगळं त्यांनी एका वाक्यात मातीला मिळवलं.

‘पाटोळे, आपल्या आघाडीच्या फळीला आदरार्थी बहुवचनाची बाधा झालीय.’

आणि खरंच तसं होतं! आमच्या कॉलेजात होस्टेलपासून कॅन्टीनपर्यंत वरच्या वर्षाच्या मुलाला दादा आणि तुम्ही म्हणायची रीत आहे. गुणी रीत. पालकांना सांगताना प्राचार्यांची मान ताठ होते. पण तीच रीत बूट घालून मैदानात उतरली होती. पंगतीत ‘घ्या हो, घ्या हो’ चालतं, तसा आमचा बॉल आग्रहात फिरत होता.

‘उद्यापासून,’ बाई म्हणाल्या, ‘या रेषेच्या आत कोणी दादा नाही. आत फक्त आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन. दे. घे. सोड. पळ. मार. ज्याच्या तोंडून ‘तुम्ही’ येईल, त्यानं मैदानाला एक फेरी मारायची आणि पळता पळता ‘देव’ शब्द सगळ्या विभक्तींत चालवायचा.’

सम्राटचे डोळे लुकलुकले. ‘बाई, मग तुम्हालापण तू म्हणायचं का?’

‘मी रेषेच्या बाहेर बसते. ज्या दिवशी आत येईन, त्या दिवशी म्हण.’

बाकीचे दोन दिवसांत सुधारले. सम्राटला तर सुधारावंच लागलं नाही, तो जणू याच दिवसाची वाट बघत जन्मला होता. अडकला देवराम. बिचारा रोज पळायचा. देव, देवास, देवाने, देवाहून. आठवडाभरात त्याचा दम दुप्पट झाला आणि विभक्ती तोंडपाठ झाल्या, पण ऋषिकेशला ‘दे’ म्हणायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची.

एकदा खुर्चीजवळ येऊन तो उभा राहिला. ‘बाई, मला नाय जमत.’

‘का?’

‘दादांनी मला होस्टेलला खोलीत घेतलं. सिटीबसमधी कसं बसायचं ते दाखवलं. हे बूटपण त्यांचंच. त्यांना अरे-तुरे केलं तं...’

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. आणि अर्धं वाक्य खपवून न घेणाऱ्या बाईंनी, पहिल्यांदाच, ते तसंच राहू दिलं. शेंगदाण्याची पुडी त्याच्यापुढे धरली.

‘माझ्या माहेरी अहिराणी बोलतात,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्याकडे बापाला तू. आजोबाला तू. आजोबा खाकरले तरी गल्ली गप्प व्हायची, पण त्यांना तू. तुमच्याकडे देवाला काय म्हणतात? ‘अहो देवा, तुम्ही पाऊस पाडा’ असं?’

देवराम हसला. मी त्याला हसताना प्रथमच पाहिलं.

‘मान टाकून द्यायचा नाही, बाळा. देवळाबाहेर चपला काढतो तसा रेषेबाहेर काढून ठेवायचा. बाहेर आलास की घाल परत. कोणी चोरत नाही.’

दुसऱ्या दिवसापासून एक नवाच सोहळा सुरू झाला. मैदानात उतरण्याआधी देवराम रेषेबाहेर उभा राहून ऋषिकेशच्या पाया पडायचा, ‘येतो दादा’ म्हणायचा आणि मग आत उडी घ्यायचा. बघता बघता सगळा संघच तसं करायला लागला. आणि आत गेल्यावर जो कालवा! ‘दे! सोड! मार! अरे मार ना! मार त्याला!’

मैदानाला लागून एक सोसायटी आहे. चौथ्या दिवशी मोटरसायकलवरून पोलीस आला.

‘मॅडम, तक्रार आलीय. इथं पोरं एकमेकांना मारा-मारा म्हणून ओरडतायत.’

‘‘मारा’ नाही, ‘मार’,’ बाई न वळता म्हणाल्या. ‘‘मारा’ म्हणत होते तोवर सगळं शांत होतं.’

पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला पाण्याची बाटली दिली. तो अर्धा तास सराव बघत बसला आणि जाताना स्वतःही दोनदा ‘मार!’ ओरडून गेला.

सगळं जमत आलं होतं. फक्त देवराम अजून गप्पच होता. तू म्हणत नव्हता आणि तुम्हीही म्हणत नव्हता. मुक्यानं खेळायचा. बॉल मिळाला तर सोनं करायचा, पण मागायचा नाही. आणि न मागणाऱ्याला बॉल कोण देणार?

मनमाडच्या सामन्याला आम्ही कॉलेजच्या मिनीबसमधून गेलो. डिसेंबरातली सकाळ, चांदवडच्या घाटातून आलेला बोचरा वारा, लांबून रेल्वेची शिट्टी. मनमाडची पोरं म्हणजे रुळांच्या कडेला बॉल लाथाडत मोठी झालेली. मैदानात उतरल्या उतरल्या त्यांची तोंडं सुरू झाली. ‘ए बारक्या, टाक!’ ‘सरक रे म्हशे!’ ‘दे इकडं, येड्या!’ बाई नेहमीप्रमाणे पाठ करून बसल्या होत्या. चेहऱ्यावर शास्त्रीय गाणं ऐकल्याचा भाव.

‘पाटोळे, ऐका. काय सुंदर आज्ञार्थ आहे!’

त्या सुंदर आज्ञार्थानं विसाव्या मिनिटाला आमच्यावर गोल चढवला. प्राचार्य स्वतः आले होते. त्यांनी घड्याळात पाहिलं आणि खिशातून एक कागद काढून वाचला. मला खात्री आहे, तो पार्किंगचा नकाशा होता.

उत्तरार्धातही तेच. ऋषिकेश घुसायचा, दोघं त्याला घेरायचे, बॉल जायचा. देवराम दरवेळी उजवीकडे मोकळा. दरवेळी गप्प. शेवटची दहा मिनिटं राहिली. ऋषिकेश पुन्हा घुसला. या वेळी तिघांनी घेरला. त्याची मान खाली, त्याला काही दिसेना. आणि देवराम गोलपोस्टापासून दहा पावलांवर एकटा उभा! त्याचं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

माझ्या शेजारी खुर्ची धाडकन उलटली. खैरनार बाई मैदानाकडे तोंड करून उभ्या होत्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा! आणि ज्या बाईंच्या तोंडून कधी अनुस्वारसुद्धा घसरला नाही, त्या देवळ्याच्या बाजारात ओरडावं तशा ओरडल्या:

‘माग ना रे पोऱ्या! काय देखी ऱ्हायना? तुन्हा शे तो! तुन्हाच शे!’

अहिराणी त्याला कितपत कळली, देव जाणे. पण ‘तो बॉल तुझा आहे’ हे कळायला कुठली भाषा लागते? देवरामनं एकदा श्वास घेतला आणि पेठच्या डोंगरात ऐकू जावी अशी आरोळी ठोकली:

‘ए ऋष्याऽऽ, दे!’

सगळं मैदान दचकलं. मनमाडचे तिघंही. आणि सगळ्यांत जास्त दचकला ऋषिकेश. दचकून त्याचा पाय आपोआप हलला आणि बॉल त्या तिघांच्या मधून सुटला. पुढचं मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटले होते. मी फक्त ऐकलं. बुटाचा एक दणदणीत आवाज, मग जाळीची सळसळ, आणि मग आमच्या मिनीबसच्या ड्रायव्हरनं वाजवलेला हॉर्न, जो थांबायलाच तयार नव्हता.

मी डोळे उघडले तेव्हा सगळा संघ एकमेकांच्या अंगावर. ढिगाऱ्यातून सुटून देवराम ऋषिकेशपुढे हात जोडून उभा होता. ‘दादा, माफ करा, चुकून...’

‘रेषेच्या आत आहेस!’ बाई गरजल्या. ‘एक फेरी!’

आणि तो निघाला की हो! रेफ्रीनं ओढून परत आणला.

मग मात्र बांध फुटला. शेवटच्या मिनिटाला देवरामनं बॉल आडवा टाकत नुसतं ‘मार, ऋष्या!’ म्हटलं. दोन शब्द, चार अक्षरं, दुसरा गोल. आम्ही मनमाडला मनमाडमध्ये हरवलं. मनमाडच्या पोरांनीच आमच्या पोरांना वडे खिलवले आणि एक जण देवरामला म्हणाला, ‘गळा काय आहे बे तुझा! स्टेशनात अनाउन्समेंटला लाग.’

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नवी नोटीस होती. ‘फुटबॉल संघाचे हार्दीक अभिनंदन. संघ पुढील वर्षीही चालू राहील.’ खाली लाल पेनानं ‘हार्दिक’ ऱ्हस्व केलेलं. आणि त्याखाली: ‘९/१०. मजकूर उत्तम.’

बाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्यांनी मानपत्र उलटसुलट तपासलं, निराश झाल्या. एकही चूक नव्हती. मी रात्रभर बसून काढल्या होत्या.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं ते परवा, याच थंडीत. वाचनालयाचं पुस्तक परत करायला आल्या होत्या. सराव चालू होता. देवराम आता शेवटच्या वर्षाला, संघाचा कर्णधार. पहिल्या वर्षाचं एक पोर त्याच्यावर खेकसत होतं, ‘देव्या, झोपला का? टाक की!’ बाई जरा वेळ रेषेबाहेर उभ्या राहिल्या. पाठ करून, डोळे मिटून. ऐकत.

बॉल घरंगळत आला आणि रेषेच्या आत, त्यांच्यापासून दोन हातांवर थांबला. बाईंनी वळून बॉलकडे पाहिलं. मग मैदानाकडे. मग पिशवी माझ्या हातात दिली, निऱ्या किंचित उचलल्या आणि रेषा ओलांडून आत गेल्या.

अकरा जण दगडासारखे. सगळ्यांना नियम ठाऊक होता आणि कोणाची छाती होत नव्हती. मग एक आवाज आला. तोच, डोंगरात पोचणारा.

‘बाई, मार!’

बाईंनी मारला. बॉल चार हात गेला. चप्पल मात्र हवेत उंच गिरकी घेत थेट गोलपोस्टाकडे निघाली आणि आमच्या नव्या गोलकीपरनं डावीकडे झेप घेऊन ती झेलली. काय ओरडा झाला! बाई एका पायावर लंगडी घालत, पोट धरून हसत रेषेबाहेर आल्या आणि माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या.

देवराम चप्पल घेऊन पळत आला. वाकून ती त्यांच्या पायाशी ठेवली.

‘बाई, लागलं नाही ना तुम्हाला?’

बाईंनी आधी त्याचे पाय कुठे आहेत ते पाहिलं. रेषेच्या बाहेर. मग त्यांनी चपलेत पाय घातला.